झेलूताईचे हात

माझी जीभ वाईट. उचलली आणि लावली टाळ्याला, हे माझं लहानपणापासूनचं. त्यात दिवसभर इस्त्रीच्या दुकानात उभी, म्हणजे डोकंही तापलेलंच. पण माझ्या या जिभेपायी माझ्याच लेकीचे हात दांडीला चिकटून बसतील, असं कोणी म्हटलं असतं तर त्यालाही मी चार शब्द सुनावले असते.

लेकीला जिम्नॅस्टिक्स शिकवते ती झेलूताई. नाव मुलींनीच पाडलेलं. उंच दांडीवरून कोणीही निसटो, ताई खाली हजर, बरोबर झेलणार. पन्नाशीची ठेंगणी बाई, खांदे मात्र हमालाचे. गेल्या वर्षी स्पर्धेत लेक दांडी सोडून हवेत उलटी फिरली, परत दांडी पकडायला हात पुढे गेले, पकडणारच होती; तेवढ्यात ताईचा हात तिच्या पाठीला लागला. स्पर्धेत शिक्षकाचा हात लागला की पडल्याइतकेच गुण जातात. जिल्ह्याच्या संघात पहिल्या चार मुली घेतात. लेक पाचवी आली.

मी तिथेच सगळ्यांसमोर तोंडाचा पट्टा सोडला. "हात आवरत नसतील तर घरी बसा ना! पोरगी वर्षभर राबली ती कशासाठी?"

दुसऱ्या दिवसापासून ताई हात पाठीमागे बांधून उभी राहायला लागली. आणि लेकीने दांडी सोडणंच बंद केलं. झोके घ्यायची, एक, दोन, तीन, आणि सोडायची वेळ आली की बोटं उघडायचीच नाहीत. तळहात सोलून निघाले. "आई, डोकं म्हणतं सोड, पण हात ऐकत नाहीत गं," म्हणायची आणि ढसाढसा रडायची. असे महिनेच्या महिने गेले. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. संघात जायची ही शेवटची संधी.

शेवटी नाक मुठीत धरून मी गेले. ताई वाकून मॅट एकमेकींना जुळवून लावत होती.

"ताई, चुकलं माझं. धरा तिला पूर्वीसारखं."

"आता तीच नको म्हणते, वहिनी." ताईने वर बघितलं नाही. "काल म्हणाली, पाच वर्षांत तुम्ही मला एकदाही नीट पडू दिलं नाहीत. पडल्यावर काय होतं तेच मला माहीत नाही, म्हणून भीती वाटते."

"मग पडू द्या की! खाली एवढ्या जाड गाद्या आहेत."

"बोलायला काय जातं! बारा वर्षांपूर्वी एका मुलीच्या वेळी मी नुसता स्वतःच्या मनगटाचा पट्टा आवळायला खाली बघितलं. तेवढ्यात ती पडली आणि तिच्या कोपराचा चुरा झाला. तेव्हापासून हे हात माझं ऐकत नाहीत. तुम्ही बोललात ते खरंच होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिच्या जखमेवर मीच मीठ चोळलं होतं.

स्पर्धेच्या आठवड्यात लेकीने कशीबशी दांडी सोडली. तीनदा निसटली आणि तिन्ही वेळा ताईच्या हातांत. "ताई, नका ना!" पोरगी ओरडायची. "नाही, आता नाही," ताई म्हणायची आणि पुन्हा झेलायची. बाजूला उभ्या राहा म्हटलं, तर ताईचे पाय हलेनात.

स्पर्धेच्या दिवशी मी दुसऱ्या रांगेत होते. लेकीचं नाव पुकारलं. ताई दांडीखाली जाऊन उभी राहिली. झोका. दुसरा झोका. लेकीने सोडलं. वर, उलटी, आणि बोटं दांडीला लागून घसरली.

ताईचे हात छातीपर्यंत वर आले आणि तिथेच थांबले.

"अहो, धरा तिला!" ही मी ओरडले, मीच! धप्पकन आवाज झाला. लेक मॅटवर पालथी. हलेना. पुन्हा चढायला अर्धं मिनिट मिळतं. घड्याळातले आकडे कमी होत होते. ताई पांढरीफटक, हात तसेच अधांतरी.

मग लेकीने श्वास ओढला. उठून बसली. एक कोपर हलवून बघितलं, दुसरं बघितलं. आणि चक्क हसली कार्टी!

"ताई, एवढंच असतं?"

हाताला पावडर लावली, ताईने उचलून दांडीला लटकवलं आणि स्वतः दोन पावलं मागे सरली. झोका, झोका, सोडलं. दांडी खणकन वाजली. धरली! माझ्या पोरीने धरली!

पडल्याचे गुण गेलेच. लेक सहावी आली. संघ हुकला, आता कायमचा.

ताईला शोधत गेले तर ती मागच्या नळाजवळ उभी, दोन्ही हात वाहत्या पाण्याखाली धरून.

"वहिनी, माझ्या डोळ्यांदेखत पडली आणि मी नाही झेललं. नाही झेललं मी."

"नाही झेललंत, ताई. उपकार झाले तुमचे," म्हणाले, आणि मलाही रडू फुटलं. मी तिचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले.

आत हॉलमध्ये लेक पाचसहा मुलींना गोळा करून आपण कशी आपटलो ते हातवारे करून सांगत होती, आणि सांगताना पडण्याची उंची दर वेळी वाढत होती.