चावायला दिलेला निळा कागद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. अकोल्याच्या लेकीलाही नाही. पाच वर्षं झाली. सांगायला बसलं की शब्द अडकतो — आणि मला तर अख्खी गल्ली तोंडावर बोलणारी म्हणते.

दाताची गोष्ट आहे. हसू येईल तुम्हाला. येऊ द्या.

अमरावतीत आमच्या घरापासून चार दारं सोडून मास्तरांचं घर. त्यांच्या लेकीनं, प्राचीनं, पुढच्या खोलीत दातांचा दवाखाना टाकला. माझ्या दोन दाढा किडल्या होत्या. तिनं त्या कोरल्या, दाताच्या रंगाचं ते कंपोझिट भरलं, निळ्या दिव्यानं पक्कं केलं. म्हणाली, "काकू, दोन-तीन हप्ते थंड झोंबन. नाही थांबलं तर लगेच या."

थांबलं नाही. चूळ भरली की कळ डोक्यापर्यंत. घास चावला की कळ. माठातलं पाणी कोमट करून प्यायचं, चहा गार करून प्यायचा — हे काय जगणं झालं? सगळ्यांवर खेकसायची मी. पण चार दारं चालून गेले का? नाही गेले.

मग चैत्रातलं हळदीकुंकू आलं. पन्ह्याचा पहिला घोट घेतला आणि गाल धरून खालीच बसले.

"काय झालं वो काकू?"

"काय होते! मास्तरच्या पोरीनं दाढा खराब करून ठेवल्या माह्या. शिकून आली का नुसती पाहून आली, देवाले ठाऊक. लेकरं नका नेऊ बाई तिच्याकडं."

बाया हसल्या. एक म्हणाली, "काकू म्हणते म्हणजे खरंच असन."

तेवढं पुरलं. गल्लीतल्या बायांनी आपापल्या माहेरी, बहिणींना, जावांना सांगितलं. प्राचीच्या दारातल्या चपला कमी होत गेल्या. मी येता-जाता पाहायची.

पुढच्याच महिन्यात लेकीनं मला अकोल्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दाढ पाहिली, दोन मिनिटं घासली. म्हणाले, "भरलेलं जरा उंच राहिलं होतं आजी. चावताना सगळा जोर त्याच्यावरच." दोन दिवसांत कळ गेली. इतक्याशा कामासाठी मी दोन महिने कण्हत होते! त्यांनी विचारलं होतं, "त्या डॉक्टरनं निळा कागद चावायला दिला नव्हता का? उंच लागते का ते नाही पाहिलं?"

लेक शेजारी उभी होती. मी म्हटलं, "नाही."

दिला होता.

एकदा नाही, चारदा दिला होता. दर वेळी प्राची विचारायची, "काकू, चावून पाहा बरं. उंच लागून राह्यलं का?" लागत होतं. गाल बधिर होता तरी कळत होतं — दोन्ही बाजू सारख्या टेकत नव्हत्या. पण तासभर आ वासून बसले होते. कालपरवाची पोर मला तोंड उघडा, तोंड मिटा सांगते, याचाच राग आला होता. गाडी पकडायची नव्हती, घरी कुणी वाट पाहत नव्हतं. मी म्हटलं, "बरोबर आहे, सोड आता मले." तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

अकोल्याहून परतले तेव्हा कळ नव्हती. तेव्हा तरी बोलायचं की नाही? प्राचीची आई, मास्तरीणबाई, स्वतः माझ्या दारात आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, पोरगी म्हणते तिनं चार-चारदा विचारलं तुमाले. विचारलं होतं का नाही, एवढंच सांगा. दुसरं काही नाही म्हणत मी." त्यांच्या मागे ओसरीवर शेजारच्या दोघी उभ्या होत्या. हळदीकुंकवातल्याच.

मी म्हटलं, "मले तर नाही आठवत बाप्पा."

 त्या आल्या तशाच गेल्या.

दिवाळीआधी प्राचीच्या दवाखान्यातली ती खुर्ची टेम्पोत चढली. प्राची आता नागपूरला दुसऱ्याच्या दवाखान्यात नोकरी करते म्हणतात. सणाला घरी येते. रस्त्यात दिसली की "काकू, बऱ्या आहात?" विचारते, आणि मी "हो" म्हणते.

परवा समोरच्या सुनेनं विचारलं, "काकू, दात कोणाले दाखवू वो? मास्तरची प्राची सुट्टीवर आली म्हणते, तिलेच विचारू का?" मी तिला अकोल्याच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.