विहीणबाईंनी पोर परत नेलं

माझ्या विहीणबाई धोंडुबाई यांचा आवाज मोठा आहे. कोल्हापुरात कळंब्याच्या अंगाला त्यांचं घर, घरामागं गोठा आणि गोठ्यात तीन म्हशी. त्या म्हशीशी बोलल्या तरी पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला आपल्यालाच कुणी रागावतंय असं वाटतं. माझ्या लेकीच्या, अनुजाच्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "बाई, पोरीला धार काढाय येतीया, का नुसतीच पुस्तकं?" मी आयुष्यभर आजऱ्याच्या शाळेत शिकवलेली, तरी पदरच सारखा करत बसले. अनुजाच म्हणाली, "येत नाही, पण शिकेन." त्यावर त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की बैठकीचा ताण तिथंच उतरला.

त्यांची मायाही त्या आवाजासारखीच. येते तेव्हा एकदम येते, आणि कधीकधी समोरच्याला जरा लागते.

काही महिन्यांपूर्वी अनुजाला कबनूरच्या एका कापड कारखान्यात माल तपासणीचं काम मिळालं. लग्नाआधी तिनं त्यातला डिप्लोमा केला होता. मुलगा राजवीर झाल्यावर तो तसाच राहिला होता. नोकरीचा आनंद तिचा नवरा आदर्श याच्यापेक्षा धोंडुबाईंनाच जास्त झाला. गल्लीत त्यांनी पेढे वाटले. अडचण एकच होती. पुढच्या आठवड्यात हजर व्हायचं होतं, आणि राजवीर दीड वर्षाचा झाला तरी दिवसातून चार-पाच वेळा अंगावर प्यायचा.

धोंडुबाईंनी आधी कडुलिंबाचा पाला वाटून अनुजाला लावायला दिला. राजवीरनं तोंड वाकडं केलं, आईची ओढणी ओढून सगळं पुसलं आणि निवांत प्यायला लागला. मग त्यांनी जुनी रीत काढली. अंगावरचं तोडायचं तर पोराला आजोळी ठेवायचं. चार दिवसांत ते विसरतं. इकडं आईनं छातीला घट्ट पट्टा बांधायचा, म्हणजे दूध आपोआप जिरतं. आमच्याकडंही हेच ऐकत आलेलो, त्यामुळं मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. धोंडुबाईंनी जुन्या सुती लुगड्याची पट्टी फाडून अनुजाला स्वतः बांधली आणि नातवाला घेऊन आजऱ्याच्या एसटीत बसल्या.

राजवीर माझ्याकडं दिवसभर कोंबड्यांमागं पळायचा. दिवेलागणीला मात्र दारात जाऊन उभा राहायचा आणि रस्त्याकडं बोट दाखवायचा. अनुजाला फोन केला की ती "बरी आहे" म्हणायची आणि लगेच पोराचं विचारायची. तिचा आवाज बारीक झाला होता. पोर जवळ नाही म्हणून असेल, असं मी धरून चालले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं धोंडुबाई दारात. हातात पिशवी नाही, काही नाही. चहाला नको म्हणाल्या. पायरीवर बसल्या आणि त्यांना शोभणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, पोरगं द्या. न्यायला आलोय."

मी काही विचारायच्या आत राजवीर त्यांच्या मांडीवर जाऊन बसला होता. त्याच्या डोक्यावरून हात फिरवत त्यांनी जे सांगितलं ते असं.

त्यांची चंद्री नावाची म्हैस गाभण होती. व्यायच्या आधी दोन महिने म्हैस आटवायची असते, म्हणजे तिचं दूध हळूहळू बंद करायचं. धोंडुबाई हे काम दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत. आधी एक वेळची धार सोडायची, मग दिवसाआड करायची. मधे कास टणक लागली तर ताण जाईल एवढंच काढायचं आणि थांबायचं. एकदम तोडलं तर कास दगडासारखी होते. त्या रोगाला आमच्याकडं दगडीच म्हणतात. आदल्या संध्याकाळी त्या चंद्रीच्या कासेला हात लावून बघत होत्या. अनुजा बादली घेऊन आली, ती दोन्ही हात अंगापासून लांब धरून, जपून चालत. तेवढ्यात शेजारच्या खुंट्याचं रेडकू भुकेनं ओरडलं, आणि अनुजाच्या ड्रेसचा पुढचा भाग दुधानं ओला झाला. तिनं ओढणी पुढं घेतली, पण धोंडुबाईंनी बघितलं होतं.

त्यांनी हात धुतले, तिला आत नेलं आणि स्वतःच्या हातानं बांधलेला पट्टा स्वतःच सोडला. छाती दगडासारखी घट्ट, तापलेली, काखेपर्यंत गाठी. अंगात कणकण. का बोलली नाहीस म्हणून विचारलं, तर अनुजा म्हणाली, "आत्ती, तुम्ही पेढे वाटलेत."

एवढं सांगून धोंडुबाईंनी राजवीरला पोटाशी धरलं. मग म्हणाल्या, "चंद्रीला मी असं कवाच केलं नसतं, बाई. जनावराला जपलं, आणि घरच्या पोरीला आवळून बांधलं."

संध्याकाळीच त्यांनी तिला रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडं नेलं होतं. त्यांनी तपासलं. वेळेवर आलात, अजून आत पू झालेला नाही, म्हणाल्या. पट्टा अजिबात बांधायचा नाही, छातीला आधार देणारे पण सैल कपडे घालायचे. गार पाण्याची घडी ठेवायची. फ्रीजमधली कोबीची पानं ठेवली तरी आराम पडतो. दुखेल तेव्हा हातानं थोडंसं काढायचं, पार रिकामं करायचं नाही, नाहीतर दूध पुन्हा तेवढंच येतं. दुखण्यावर गोळी दिली. थंडी वाजून ताप आला किंवा लाल चट्टा उठला तर लगेच यायचं, असं बजावलं. आणि पोराला परत आणा, म्हणाल्या. एक-एक वेळ सोडत जा, मधे तीन-चार दिवस जाऊ देत.

"म्हटलं, डॉक्टरीणबाई, हे मी रोज गोठ्यात करतो की," धोंडुबाई म्हणाल्या. "मग त्या म्हणाल्या, तर आता घरात करा."

मी कपडे भरले आणि त्यांच्याबरोबर निघाले. कोल्हापूर येईपर्यंत राजवीर आजीच्या मांडीवर झोपला होता. घरात पाऊल टाकल्या टाकल्या जागा झाला आणि आईच्या खोलीकडं पळाला. अनुजा भिंतीला टेकून बसली होती, छातीवर ओली घडी. तो प्यायला लागला तसा तिच्या कपाळावरचा ताण हळूहळू उतरत गेला. धोंडुबाई दारातूनच म्हणाल्या, "दमानं रं, कुणी पळवून नेत न्हाय."

मग त्यांनी अनुजाचा फोन मागून घेतला आणि कारखान्याच्या मालकांना लावला. अनुजा नको नको म्हणत होती. मूळ आवाज आता परत आला होता, त्यामुळं संभाषण सगळ्या गल्लीनं ऐकलं असणार. "पावणं, अनुजाची सासू बोलतोय. ती पंधरा दिवस उशिरा येईल. पोर अंगावरनं तुटायचंय. म्हस आटवाय बी टाइम लागतोय, ही तर बाईमाणूस हाय." मग मालक म्हणाले, आमच्या घरी पण सून आहे, येऊ द्या सावकाश. अनुजानं उशीत तोंड लपवलं होतं. ती हसत होती की रडत होती, ते मला नीट कळलं नाही.

त्या रात्री कणकण गेली. दोन दिवसांत गाठी विरल्या.

मग सुरू झालं ते खरं आटवणं. दुपारचं पिणं आधी सोडलं. त्या वेळेला धोंडुबाई नातवाला गोठ्यात न्यायच्या, चंद्रीला चारा घालू द्यायच्या, वर पेलाभर दूध आणि भाकरीचा काला. चार दिवसांनी सकाळचं सुटलं, मग संध्याकाळचं. झोपतानाचं त्यांनी शेवटपर्यंत ठेवलं. त्याची आठवण आईलाही येते, म्हणाल्या. अनुजा कामावर जायला लागल्यावरही काही दिवस ते चालू होतं. दुपारी छाती भरल्यासारखी वाटली तर ती तिथंच आडोशाला जाऊन ताण जाईल एवढं काढायची. पुढं तेही लागेना. एके दिवशी राजवीर आजीचा कान धरून झोपी गेला, आणि आईकडं गेलाच नाही. अनुजानं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज भरून आला होता, पण छाती दुखत नव्हती.

लेक दिल्या घरी सुखात आहे का, हे आई फोनवरच्या आवाजावरून ओळखायला बघते. माझ्या लेकीनं माझ्यापासून दुखणं लपवलं, ते त्या बाईनं गोठ्यात नुसत्या नजरेनं ओळखलं. आणि चूक कळल्यावर त्या ती मनात धरून बसल्या नाहीत; सकाळची पहिली गाडी धरली. मी त्यांना हे बोलून दाखवायला गेले, तर म्हणाल्या, "बाई, शाळा सुटली. आता भाषण नगं."

परवा चंद्री व्यायली. आजऱ्याकडं येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर धोंडुबाईंनी डबा पाठवला. आत वेलदोडा घातलेला खरवस होता. मागोमाग त्यांचा फोन आला. रेडकाचं पोट भरल्यावर चीक उरला तेवढ्याचाच केलाय, मनात काही आणू नका, म्हणाल्या. मी म्हटलं, ते सांगायला नको. मग "थांबा, चव घेऊन सांगते" म्हणून मी एक वडी तोंडात टाकली आणि त्यांना तसंच फोनवर थांबवून ठेवलं.