ड्रायव्हरमागच्या दोन सीटा

गिअर टाकण्याआधी तो आरशात बघून विचारायचा, "वहिनी बसल्या? मग यल्ला, निघू या." वहिनी म्हणजे मी.

मुलांनो, आम्ही तेव्हा सौदीत दम्मामला राहायचो. तुमचे आजोबा रेल्वे कंपनीत सिग्नलचे इंजिनियर होते आणि तो त्याच कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, दापोलीकडचा. बस कॉलनीतून शाळेत, बाजारात, स्टेशनवर जायची. बायकांना गाडी चालवायची परवानगी नव्हती, त्यामुळे घराबाहेरचं आमचं सगळं त्याच्यावर अवलंबून. त्याला ते पक्कं ठाऊक होतं. कुणाला उशीर झाला की म्हणायचा, "पावडर लावून या सावकाश, मी थांबतो." एकदा मी कोथिंबीर विसरले, तर त्याने बस परत बाजाराकडे वळवली. बाकीच्या कुरकुरल्या, तेव्हा म्हणाला, "बिनकोथिंबिरीची आमटी तुम्ही खाणार का?"

बहिणीच्या लग्नात द्यायला त्याने रंगीत टीव्ही घेतला होता. त्याचं कौतुक आम्ही महिनाभर ऐकत होतो.

मग कुवेतवरून युद्ध सुरू झालं, क्षेपणास्त्रांचे भोंगे वाजू लागले. पुरुषांनी कामावर राहायचं आणि बायकामुलांना कंपनीच्या बसने दूर, सुरक्षित अशा जेद्दाला पाठवायचं ठरलं. शेजारचं केरळी कुटुंबही आपल्या गाडीने निघालं होतं आणि मला व तुमच्या बाबाला सोबत न्यायला तयार होतं. बाबा तेव्हा चार वर्षांचा.

ड्रायव्हर मुद्दाम घरी आला. "परक्यांच्या गाडीत अडचणीत कशाला, वहिनी? माझ्यामागच्या दोन सीटा तुमच्या. स्टेशनवरच्या गर्दीत येऊ नका, कॉलनीच्या फाटकापाशी थांबा. मी घेतो."

मी शेजाऱ्यांना नको म्हणून कळवलं, ते रात्रीच निघून गेले.

सकाळी फाटकापाशी आम्ही बॅगा घेऊन उभे होतो. बस आली, जराशी हळू झाली आणि पुढे गेली. ड्रायव्हरमागच्या खिडकीत टीव्हीचं खोकं होतं, दोन सीटांवर आडवं, दोरीने नीट बांधलेलं. तो समोर बघत होता.

दुसरी बस सुटली नाही. भोंगा झाला की मी बाबाला घेऊन न्हाणीघरात बसायचे. बाबा विचारायचा, "बसवाले काका कधी येणार आपल्याला न्यायला?" मी सांगायचे, रस्ता बंद आहे.

जेद्दाहून तसाच गावी जाऊन, बहिणीचं लग्न उरकून तो परत आला. बाबाची शाळा सुरू झाली होती आणि बस तीच एक. मी चढले. मान न वळवता तो हळूच म्हणाला, "वहिनी, मला वाटलं मागून दुसरी बस येईल. आणि खाली सामानात टाकला असता तर फुटला असता हो."

"शाळेला उशीर होतोय," मी म्हणाले.

त्यानंतर वर्षभर तो बस थेट माझ्या दारापुढे उभी करत असे. मी चढत असे, उतरत असे.

तो कायमचा गावी निघाला, त्या दुपारी दार वाजलं. दाराच्या भिंगातून पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. बाबाने विचारलं, "कोण आहे?"

"कुणी नाही."

तो बराच वेळ उभा होता. मग वळला. पायरीशी बाबाची सायकल वाऱ्याने आडवी पडली होती. ती त्याने उचलून भिंतीला टेकवली, हँडल सरळ केलं आणि गेला.