बिनआवाजाचं बॅडमिंटन

आमच्या सेक्टरमधी तेव्हा दुपारी कोणी मोठ्यानं बोलत नसे. पोलादाचा अर्धा प्लांट उभा होऊन राहिला होता, अर्धा सुरू झाला होता, अन् दर दोन-तीन क्वार्टरांत एक नाईटवाला माणूस झोपला राहे. आमचे हे भट्टीवर होते. सकाळी लाल डोळे घेऊन येत, दोन घास खात अन् मागच्या खिडकीखाली बाजेवर पडत.

त्याच खिडकीमागच्या मोकळ्या जागेत मी अन् बाजूची रेल्वेवाल्याची बायको बॅडमिंटन खेळो. ती नागपूरच्या शाळेत शिकली होती. मधात दोरीवर लुगडं टाकलं की झाली जाळी. सर्व्हिस कमरेखालून मारायची, अन् पॉइंट सर्व्हिस करणारीलेच भेटते, हे तिनंच शिकवलं. म्हणे, पुण्याले गोरे सोल्जर हा खेळ खेळत, मंग विलायतेतल्या एका मोठ्या घराचं नाव त्याले पडलं. "म्हणजे माल आपला अन् पाटी त्यायची," मी म्हटलं. तिनं हसू दाबाले पदर तोंडात कोंबला.

स्कोअर बोटांवर दाखवो. गेम अकराची. दहा बोटं संपली की अकराव्याले जीभ काढून दाखवायची. चूल, पाणी, धूळ यातून तेवढाच अर्धा तास माहा होता, अन् मले तो लय प्यारा होता.

एक दिवस भट्टीवर ह्यायचा पाय घसरला, हात भाजला. डॉक्टरनं मले विचारलं, यायची झोप पुरी होते का? मले आमचा खेळ आठवला. बाकी सारा आवाज दाबला होता, पण शटलचं फूल रॅकेटवर बसलं की टप् व्हायचंच. त्याच दिवशी रॅकेट माळ्यावर टाकली. शेजारीण रुसली. मंग तिच्या नवऱ्याची बदली झाली.

परवा नातीची रॅकेट पाहून हे म्हणाले, "तू खेळणं कावून सोडलं होतं?"

"तुमाले झोप लागावी म्हणून."

ह्यायनं नातीची रॅकेट हातात घेतली. "मले त्या टप-टपनंच झोप लागे. तू तिथंच आहे, वाटे. बंद झाल्यावर नुसता पडून राहो."

"मंग बोलले कावून नाही?"

"वाटलं, तू थकली असशील."

मले राग आला अन् रडूही आलं. तेव्हा नव्हती थकली, बापा. आता थकली.