आईचा आवाज आणि साबणाची जाहिरात

मंडळी, आज घरात जे झालं ते मनातून जाईना, म्हणून लिहितोय.

आई जाऊन आठवडाही झाला नाही. घरात सुतक, त्यामुळं टीव्ही बंदच होता. सकाळी वडील म्हणाले, "तिचा तो कडक भाकरी करतानाचा व्हिडिओ लाव की."

टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. आईचं बोलणं मुळातच हळू आणि वडलांना कमी ऐकू येतं. आवाज वाढवत पार शेवटाला नेला, तेव्हा कुठं ते म्हणाले, "हां, बोलली."

व्हिडिओ संपला आणि टीव्ही आपोआप डिशवर गेला. साबणाच्या जाहिरातीचं गाणं अख्ख्या गल्लीत घुमलं. नेमक्या तेव्हाच भेटायला आलेल्या बाया दारात उभ्या होत्या.

"सुतकात गाणी लावता व्हय?" एक जण म्हणाली आणि सगळ्या तशाच माघारी फिरल्या.

एकाच आकड्यावर पेनड्राइव्हचा आवाज बारीक आणि डिशचा मोठा. टीव्ही बनवणाऱ्यांच्या घरी म्हातारी माणसं नसतात का?

व्हिडिओतला आवाज वाढवून देणारं कुणी माहितीत असेल तर सांगा. वडलांनी दार लावून घेतलंय, तोच व्हिडिओ परत बारीक आवाजात लावलाय आणि टीव्हीला कान लावून बसलेत.