झाडावर नसलेली आत्या

माझा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवतो. चाळीस वर्षं त्याने दुसऱ्यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहिली आणि स्वतःचं तोंड कधी उघडलं नाही. गिऱ्हाईक म्हणालं लाल, की लाल. तेच गिऱ्हाईक दुपारी म्हणालं हिरवा, की हा पुन्हा शिडीवर. मी धाकटी, पण मला जीभ मिळाली आणि त्याला ब्रश. तू नेभळट आहेस, असं मी त्याला वर्षानुवर्षं तोंडावर सांगत आले. तो "असेन" म्हणतो. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

अशात आमच्या चुलतभावाला घराण्याचा मेळावा भरवायची हौस आली आणि वंशवृक्ष रंगवायला फुकटचा पेंटर आयताच सापडला. हा चुलतभाऊ स्वतःला अध्यक्ष म्हणवून घेतो. निवृत्त झाल्यावर लोक झोपा काढतात, याने पूर्वज काढले. सात पिढ्या, दोनशे चौदा पानं, आठ फुटी प्लायवूड. मुलग्यांना हिरवं पान, मुलींना पिवळं. आणि वर एक नियम: जी मुलगी नवऱ्याचं घर सोडून परत आली, तिला पान नाही.

अशी परत आलेली एकच, आमची आत्या. आई गेली तेव्हा दादा नऊ वर्षांचा होता आणि मी चार. वडील कायम फिरतीवर. आत्याने दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुऊन आम्हाला वाढवलं. सोड्याने तिची बोटं फुटायची. वेणी घालताना माझे केस त्या भेगांत अडकायचे आणि मी तिच्यावरच खेकसायची. अध्यक्षसुद्धा कॉलेजची दोन वर्षं तिच्याच खोलीत राहिले, तिच्याच हातचं जेवले. गरज सरो, वैद्य मरो.

मी दादाला बजावलं होतं, "यादीत नसली तरी तू तिचं पान काढ. ब्रश तुझ्या हातात आहे."

"बघू," तो म्हणाला. त्याचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला लहानपणापासून पाठ आहे.

मेळाव्याच्या दिवशी सभागृहात शिरल्या शिरल्या मी पाटी गाठली आणि एकूण एक पान वाचून काढलं. आत्या नव्हती. आदल्या संध्याकाळपर्यंत यादीत बदल चालू होते, त्यामुळे रंग अजून पुरता वाळलाही नव्हता. दादाच्या हिरव्या पानाला लागूनच माझं पिवळं पान होतं.

"नाहीच ना काढलंस?" मी विचारलं.

"यादीत नव्हतं."

"तुझ्या पाठीला कणा आहे, की तिथेही शिडीच लावली आहेस?"

तो फडक्याने हात पुसत राहिला. हात स्वच्छ होते, तरी पुसत राहिला.

मग आठवणींचा कार्यक्रम सुरू झाला. माणशी तीन मिनिटं. एकाच्या आजोबांनी दुष्काळात अख्खं गाव पोसलं होतं. दुसऱ्याच्या पणजोबांनी एका काठीने सात दरोडेखोर पिटाळले होते. एक दातांचा डॉक्टर पुतण्या उठला आणि आपले खापरपणजोबा पाच भाषा बोलायचे म्हणाला. हा स्वतः एका भाषेतली तीन मिनिटं कागदावरून वाचत होता, आणि तीही अडखळत. सगळे पूर्वज शूर, सगळे दानशूर. मग त्यांच्या पोटी ही समोरची भरती कुठून आली, हे मात्र कुणी विचारलं नाही. बडा घर, पोकळ वासा!

माझा नंबर आला. मी चादरींचं सांगितलं, बोटांचं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "आपले अध्यक्ष दोन वर्षं तिच्या खाटेवर झोपायचे आणि ती जमिनीवर. आज या झाडावर दोनशे चौदा पानं आहेत. तिचं नाही."

लोक माना वळवून अध्यक्षांकडे बघू लागले. पण अध्यक्ष पक्के मुरलेले. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला, डोळे टिपले आणि म्हणाले, "अशी त्यागमूर्ती आपल्या घराण्यात होऊन गेली!" टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांनी आत्याला कधी दारात उभं केलं नव्हतं, तेच सगळ्यांत जोरात वाजवत होते. "पेंटर, आत्ताच्या आत्ता पान काढ! हा खालचा कोपरा मोकळाच आहे."

लोकांनी फोटोसाठी फोन वर केले. मी मान ताठ करून उभी होते. माझ्या जिभेनेच हे काम केलं होतं.

दादा आपली पेटी घेऊन पुढे आला. त्याने कोपऱ्याला वीत लावून बघितली. मग म्हणाला, "नाही बसणार."

"अरे, एवढी जागा आहे की!"

"जागा आधी सोडावी लागते. मागाहून घुसडलेलं नाव लांबूनही ओळखू येतं. दुकानात नवा भागीदार आला की मी घुसडतो तसं. आत्याचं नाही घुसडणार."

एवढं लांब बोलणं मी त्याच्या तोंडून आयुष्यात ऐकलं नव्हतं. अध्यक्ष हसले. "मग काय करायचं म्हणतोस?"

दादाने फडक्यावर टर्पेंटाइन ओतलं आणि स्वतःचं पान पुसायला घेतलं. "आम्ही तिची मुलं," तो म्हणाला. "तिला जागा नाही, तर मला तरी कशाला?" नाव जवळजवळ गेलं तेव्हा तो माझ्याकडे वळला. "तुझं पण पुसू?"

सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारी बाई मी, पण मी आधी माझ्या पानाकडे बघितलं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच त्या पानाचा फोटो मी मुलीला पाठवला होता आणि तिने तो सासरी सगळ्यांना दाखवलाही होता. आता पान पुसलं तर विचारणार, आईचं नाव का गेलं? आणि ज्या बाईला पान नाही, तिच्याबद्दल लोक काय समजतात, हे मला चांगलंच ठाऊक होतं.

"माझं राहू दे," मी म्हणाले.

"बरं," दादा म्हणाला. माझ्या पानाला टर्पेंटाइन लागू नये म्हणून त्याने फडकं एका बोटाला गुंडाळलं आणि आपल्या नावाची उरलेली कडा जपून पुसून टाकली.