नेमाच्या टेबलावरचं वजन

आमच्या घरातले पुरुष फौजेत जातात. मी पतसंस्थेत गेलो.

त्यामुळे माझ्या लेकीनं, राजश्रीनं, नेमबाजीत नाव घातलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तात्यांना झाला. तात्या म्हणजे माझे चुलते, निवृत्त सुभेदार. सांगलीतली निवड चाचणी एका दिवसावर आली होती आणि क्लबातून आणलेल्या छऱ्याच्या बंदुकीची दुर्बीण अजून जुळवायची होती. बंदूक दोन पायांच्या स्टँडवर टेबलावर ठेवायची, छर्रे एका जागी पडायला लागले की दुर्बिणीचे स्क्रू फिरवायचे. म्हणजे सगळी मदार टेबलावर. ते टेबल करायचं मी अंगावर घेतलं. (इथंच चुकलं.)

जुन्या दाराची फळी आणि चार पाय. दिसायला भक्कम, पण बोट लावलं तरी डुलायचं. एका पायाखाली कौलाचा तुकडा सारला तर दुसरा अधांतरी. दुसऱ्याखाली सारला तर तिसरा!

"वजन पायजे," तात्या म्हणाले. "वाळूचं पोतं हाय का?"

"न्हाई."

त्यांनी मला वरून खाली न्याहाळलं. "चढ वर."

मी राजश्रीच्या शेजारी, नळीच्या मागं, फळीवर मांडी घालून बसलो. टेबल गप झालं. माझं पोट पहिल्यांदाच देशाच्या कामी येत होतं.

पहिला छर्रा कागदाच्या डाव्या कोपऱ्यात लागला. दुसरा उजवीकडे खाली. तिसरा कागदावर नव्हताच, तो भिंतीवर थापलेल्या शेणीत सापडला.

"वारं हाय," तात्या म्हणाले. झाडाचं पान हलत नव्हतं.

"दुर्बीणच बिघडलीय," राजश्री रडवेली झाली. "आता उद्या काय करू?"

तात्यांनी स्क्रू फिरवले, स्टँड आवळला, माझ्या मांडीवर दोन विटा ठेवल्या. छर्रे आणखी पांगले! काय चुकतंय ते सुभेदारालाही कळेना. मी मात्र टेबलाची बाजू हिरिरीनं मांडत होतो.

तेवढ्यात माझी बायको सुनंदा चहा घेऊन आली. दोन छर्रे सुटेपर्यंत ती थांबली, पण कागदाकडं नाही, माझ्याकडं बघत.

"आवं, तिनं चाप वडायच्या आधी तुमी दचकताय."

"मी? काय तरीच."

"डोळं मिटून दचकताय."

"मार गं पोरी," म्हणत तात्या माझ्याजवळ येऊन वाकले. मी दात आवळले, श्वास रोखला आणि दगडासारखा बसून राहिलो. फट्! डोळे उघडले तेव्हा एक वीट तात्यांच्या पायावर होती.

सुनंदानं युरियाचं पोतं दाखवलं. ते सकाळपासून माझ्या पाठीमागंच पडलेलं होतं. मला उतरवून ते वर चढवलं आणि पुढचे पाच छर्रे बाटलीच्या टोपणाखाली मावतील एवढ्या जागेत बसले.

"पप्पा," राजश्री हळूच म्हणाली, "उद्या तुमी नाही आला तरी चालेल." मला वाईट वाटलं. पण टेबलाशी वाद घालून उपयोग नव्हता.

तिची निवड झाली. आता कुणी विचारलं, की सुभेदार, एवढी काय तयारी करून घेतलीत, तर तात्या लंगडत पुढं येतात आणि सांगतात, "काय न्हाई. बापाला घरी ठिवलं."